पाचवा रकाना

पावतीपुस्तकात पाच रकाने:
नाव, पत्ता, रक्कम, अक्षरी, कारण.
चार मी न बघता भरते,
सहकारी बँकेत बत्तीस वर्षं दुसरं काय केलं?
पाचव्याशी घोडं पेंड खातं.

औंधच्या बाई दर महिन्याला हजार पाठवतात.
'यजमानांना रेसचा नाद होता,
निदान उलटा तरी फिरू दे पैसा.'
हे कसं लिहायचं? मी लिहिते: चंदी.
एका पोरानं वाढदिवसाची नाणी आणून ओतली,
दोनशे चाळीस, त्यातलं एक श्रीलंकेचं.
लिहिलं: कडबा.
चुनीचा भाव वाढला की मी दात्यांना फोन करते
आणि आवाज उगाच गोड होतो,
घरी कधी नसतो तसा.

ती आली फाल्गुनात, फुरसुंगीहून, टेम्पोतून.
पंचकल्याणी.
चारी पाय पांढरे, कपाळावर टिळा,
अशीला बघून लोक शकुन म्हणतात, खिशात हात घालतात.
कचरा डेपोच्या भिंतीशी बांधलेली होती.
नायलॉनची दोरी
मानेत इतकी आत गेलेली
की आधी कातडी कुठली ते शोधावं लागलं.
खूर वाढून पुढून वर वळलेले,
अगदी नवरदेवाच्या मोजडीसारखे.
बरगड्या मोजल्या मी. सवय.

इलाही नालबंदानं जखमेवर हळद भरली.
डॉक्टर हेमांगी त्याच्यावर ओरडल्या,
पुसून काढली, मलम लावलं.
पण त्या पिवळ्या मानेकडे बघून
आम्ही तिघंही क्षणभर गप्प झालो.
किती लग्नांना उभी राहिली असेल ही.

खूर एकदम कापत नाहीत. 
थोडे कापायचे, पंधरा दिवस थांबायचं,
तिला नव्यानं उभं राहायला शिकू द्यायचं, पुन्हा थोडे.
श्रावणापर्यंत ती तोबऱ्यात तोंड घालू लागली.
मी खरारा केला की डावा कान माझ्याकडे वळायचा.
उजवा नाही. उजवा रस्त्याकडेच.

मग मार्गशीर्षात एका संध्याकाळी
फाटकाशी एक माणूस, हातात हेल्मेट.
लहू नाईकनवरे, मुंढवा.
'माझीच होती,' म्हणाला. 
लॉकडाउनमध्ये लग्नं गेली.
लग्नं परतली तेव्हा नवरे बुलेटवरून यायला लागले.
'विकायला कुणी घेईना. मारायला हात होईना.
म्हणून बांधून आलो.'
मी काय बोलणार होते ते तयार होतं,
आठ महिने तयार होतं.
त्यानं दीडशे रुपये काढले. पावती हवी म्हणाला.

तेवढ्यात पलीकडच्या लॉन्सवर बँड सुरू झाला.

वाड्यात अंधार होता, म्हणून आधी टापाच ऐकू आल्या.
जाऊन बघितलं तर
ती एकटी, कुणी वर बसलेलं नाही,
लगाम नाही, झूल नाही,
पुढचे पाय एकेक करून वर घेतेय,
मान वाकवून, तालात,
डोळे पांढरे झालेले.
नाचतेय.
नवे कापलेले ते खूर.

लहू कुंपणावर वाकला. 'बस,' म्हणाला, 'बस, बाई, झालं.'
तिचे दोन्ही कान त्याच्याकडे वळले.
पाय थांबले नाहीत.
'हे शिकवलंच नाही मी,' तो म्हणाला,
'थांब कसं म्हणायचं ते.
बँड थांबला की थांबायची, आपली आपण.'

वरात लांबली. पाऊण तास.
आम्ही दोघं उभे होतो, मध्ये एक बांबू सोडून.
मी त्याला बोलायचं ते बोलले नाही.
माफही केलं नाही, खोटं कशाला लिहू.

नंतर दिव्याखाली पावती फाडली.
नाव, पत्ता, दीडशे, अक्षरी एकशे पन्नास फक्त.
'कारण?' मी विचारलं.
त्यानं हेल्मेट घातलं, काढलं, परत घातलं.

कार्बनची प्रत अजून आहे माझ्याकडे.
वार्षिक तपासणीला लेखापरीक्षक म्हणाले,
एवढा रकाना कोरा राहिलाय, भरून टाका.
भरते म्हटलं.

सकाळी इलाही आला, जमीन बघितली.
हाताएवढ्या जागेत माती दळल्यासारखी बारीक.
त्यानं तिचा पाय मांडीवर घेतला
आणि तो घेऊ दिला तिनं,
सगळं वजन त्याच्यावर टाकून,
उभ्या उभ्या झोपली.