दबरानची रात्रपाळी

पंप क्रमांक चारचा दाब टिपून झाला
की मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवतो
आणि वहीतला पहिला शब्द विचारतो.
तिकडे हर्णैत साडेअकरा,
इकडे सूरमध्ये दहा.
सूर हे गावाचं नाव. आपल्या भाषेत त्याचा अर्थ
हमूदला दोनदा समजावला, मग गाऊन दाखवला.
त्याने मुकाट्याने कानटोप्या चढवल्या.

एस्केप व्हेलॉसिटी, मी म्हणतो.
मुलगी जांभई देत सांगते,
सेकंदाला अकरा किलोमीटर आणि वर थोडं.
री-एंट्री. पेलोड. लाँच विंडो.
विंडो म्हणजे मी खिडकीच समजलो होतो.
खिडकीच, अब्बा, पण वेळेची.
व्हिसासारखी?
हो. व्हिसासारखी.

जानेवारीत तिची मुलाखत, इंग्रजीतून,
पुण्याच्या दुर्बीणवाल्यांकडे.
दहावीपर्यंत मराठी शाळा,
उल्का, ग्रहण, धूमकेतू झोपेतून उठवून विचारा,
पण ऑकल्टेशन म्हणताना
तिच्या जिभेला ठेच लागते.
मलाही लागते.
तिने पाठवलेले सगळे शब्द
मी देवनागरीत उतरवून घेतलेत,
त्यातले किती बरोबर, अल्लाला ठाऊक.

अपोजी, म्हणजे पृथ्वीपासून सर्वांत लांब.
मी म्हटलं, म्हणजे मी.
नाही, ती म्हणाली, त्यासाठी भोवती फिरावं लागतं.
तुम्ही एकाच जागी आहात.
अकरा वर्षं.

झेनिथवर मात्र काल आम्ही अडलो.
हमूद रीडिंग घ्यायला आला होता, थबकला.
हा शब्द आमचा आहे, म्हणाला
त्याच्या जंजिबारी वळणाच्या हिंदीत.
सम्त. डोक्यावरची वाट.
कुठल्याशा मठातला कुणी नक्कलनवीस,
मेणबत्ती विझत आलेली असेल,
एमचे तीन पाय मोजताना चुकला
आणि ती चूक
तेव्हापासून आभाळाच्या माथ्यावर टांगलेली आहे.
नादिर? तोही आमचा.
अझिमथ? तोही.
अल्डेबरान?
हमूद हसला. त्याच्या आजोबांनी इथल्याच किनाऱ्यावर
गलबतं बांधली होती, होकायंत्राशिवाय मलबारला नेली होती.
अद्-दबरान, तो म्हणाला. मागून येणारा.
कुणाच्या मागून?

त्याने मला हाताला धरून बाहेर नेलं.
खारा वारा, टाक्यांची घरघर,
कुंपणाच्या दिव्यांपासून दूर, पाइपांच्या ढिगापलीकडे.
वर बोट केलं, अगदी वर, मान दुखेपर्यंत.
ती बघ. सुरैया.

माझ्या मुलीचं नाव आहे ते, मी म्हटलं.
माहीत आहे, म्हणाला. म्हणून तर.

मकतबमध्ये मी अलिफ बे गिरवलं,
पारे वाचले, सूर पाठ केला,
अर्थ मौलवीसाहेबांकडेच राहिला.
फूफीने कानात नाव सांगितलं, आम्ही पेढे वाटले,
कुणी काही विचारलं नाही.
सोळा वर्षं मी
सहा-सात ताऱ्यांच्या एका झुपक्याला
जेवायला हाका मारत होतो.

आपल्याकडे त्याच कृत्तिका.
आणि त्यांच्या मागचा तो तांबूस, एकटा,
रोहिणी. बाप राब भाजून
रोहिणी लागली की भात पेरायचा,
आभाळाकडे न बघता, कॅलेंडर बघून.

परत आलो तर फोनवर ती अजून होतीच.
सुरैया, बाहेर जा, वर बघ.
अब्बा, ती आत्ता तुमच्या डोक्यावर असेल,
माझ्या डोक्यावरून तासाभरापूर्वी गेली.
मी बघितली होती.
बरं, पुढचं विचारा ना, तेरा राहिलेत.

मी ऑकल्टेशन म्हटलं.
दोघांनाही ठेच लागली.

दहा चाळीसच्या रकान्यात
दाबाच्या जागी सम्त लिहून गेलो आहे.
खोडलं नाही.
सकाळपाळीचा पोरगा नवा आहे, केरळचा,
समोर जे दिसेल ते
जसंच्या तसं उतरवून घेतो.