नवा स्विच

ओनीहून कुतैसीला जाणारी आमची ट्रान्झिट,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
किल्ली फिरवली की खर्र, आणि गप्प.
मग ओतारीमामा ती किंचित मागे ओढायचा,
जिऱ्याएवढी.
पुन्हा खर्र.
मध्येच वायपर हलायचे कोरड्या काचेवर,
चौथ्या खेपेला इंजिन खोकत उठायचं.

परवा मी बॅटरीची तार सोडवली,
स्टिअरिंगखाली उताणा पडलो,
लॉकमागचा प्लास्टिकचा ठोकळा काढला.
आतलं तांबं झिजून काजळलेलं,
अंगठ्याला अजून डाग आहे.
नवा बसवला. किल्ली जुनीच.

काल पहिल्याच फटक्यात सुरू!
मागच्या बाकावर टाळ्या.
वळणावर मामाने आरशात पाहिलं
आणि गिअर बदलला, उगाचच.
नातेलाबाई चीजची टोपली सावरत
उतारावर अर्ध्यात उभी होती.
दुसरं खर्र ऐकून ती चुलीवरचं उतरवायची,
तिसऱ्याला दाराला कडी.
इतकी वर्षं.

आज मामा किल्ली फिरवतो,
इंजिन धरायच्या आत सोडतो.
फिरवतो,
सोडतो.
“आता काय झालं?” कुणीतरी वैतागतं.
“जुनी गाडी आहे,” मामा म्हणतो
उताराकडे बघत,
माझ्याकडे मुळीच नाही.