वापरण्यापूर्वी ढवळावे

रबाळ्याला, आमच्या शेडच्या मागच्या अंगाला,
भट्टीची साखळी पंधरा दिवस किंचाळत होती.
दोनशे ऐंशी अंश.
पंख्यांची पाती टांगून आत जातात, रंग भाजून बाहेर येतात
आणि वरून एकशे दहा मीटर साखळी
प्रत्येक वळणावर दात खाते.

नेहमीचं तेल घातलं.
धूर झाला, कड्यांवर करपल्या पाकासारखं काहीतरी उरलं.
महाग तेल घातलं.
महाग धूर झाला.

मग आला हा काळा, दाट नमुना.
डब्यावर एकच ओळ : वापरण्यापूर्वी ढवळावे.
मी तो चार गोळ्यांच्या यंत्रात घातला.
तीन गोळ्या खाली आवळून बसवलेल्या,
चौथी त्यांच्या डोक्यावर गरगरणारी
(आमच्या खात्यासारखंच).
तासाभराने गोळी पुसायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची,
ओरखड्याचा व्यास मोजायचा.
शून्य पूर्णांक चार दोन मिलिमीटर.
झीज इतकी नेमकी मोजता येते
याचा मला कधीकधी हेवा वाटतो.

हसुराम मढवी, ऑईलमन, निवृत्तीला सात महिने.
त्यांना समजवायला मी कागदावर थर काढले :
पत्त्यांचा कॅट टेबलावर ढकलला की
पान पानावरून सरकतं ना, तशी ही भुकटी.
तेल फक्त तिला कड्यांच्या फटीत सोडून येतं.
नंतर तेल उडून जाईल. जाऊ द्यायचं.
भुकटी राहील, आणि दोन लोखंडांच्या मधे
तीच सरकत राहील.

ते म्हणाले, "म्हंजे आगरासारखं.
पानी जातं, मीठ ऱ्हातं."
त्यांच्या बापाचं मिठागर होतं खाडीला.
माझा कागद मी घडी करून ठेवला.

ग्राफाईटचं एक सहसा कुणी सांगत नाही.
हवा पार काढून घेतलेल्या, कोरड्या जागी
ते उलट घासतं.
निसटायला त्यालाही थोडी ओल लागते.
आमच्या पत्र्यांना खाणारी खाडीची हवा
त्याला मानवते म्हणे.

साखळी गप्प झाली.
इतकी, की भट्टीचा पंखा घरघरतो
हे आम्हाला तेव्हा कळलं.

रोज सकाळी सव्वासातला
हसुराम डब्यात बांबूची काठी घालून ढवळत.
घाई नाही. तळापर्यंत.
"कालं तली बसतं, मॅडम. ढवल्याबिगर
वरती निसतं तेल."

ते गेले. वैजनाथ आला, लातूरकडचा, हुशार,
मोबाईलवर तापमानाचा आलेख बघणारा.
त्याने वरवरचं ओतलं. सव्वीस दिवस.
सत्ताविसाव्या दिवशी तिसऱ्या वळणावर
तोच जुना आवाज.

मी हसुरामना फोन लावला.
साखळीचं काही विचारलं नाही त्यांनी.
म्हणाले, "काठी कुठं हाय?"

काठी पॅनेलच्या मागे उभी होती.
खालची वीत काळी कुळकुळीत,
मधे नुसता बांबू,
आणि वर, मुठीच्या जागी,
इतकी गुळगुळीत की बोट ठरेना.
तिथे तेल नव्हतं, भुकटी नव्हती,
एकवीस वर्षं होती.

तो व्यास मी मोजला नाही.
वैजनाथच्या हातात दिली.
तळ लागेपर्यंत, म्हटलं.