शेठ, बोट!

दराबा डोळ्यांनी कळत नाही.
परातीत तूप घासत राहायचं, पिठीसाखर सोडत,
खांदा भरून येईस्तोवर,
मग वाटीभर पाण्यात एक ठिपका टाकायचा.
तरंगला तर झालं. बुडाला तर अजून घास.
आणि सगळ्यात शेवटी बोट.
बोट जिभेवर गेल्याशिवाय परात उतरत नाही,
हे बापाने शिकवलं, यावलच्या याच ओट्यावर.
मी नऊ वर्षांचा होतो.

बावन्न वर्षं झाली बोटाला.
डॉक्टर फिरकेंनी कागद पुढे सरकवला,
उपाशीपोटी दोनशे अठरा.
मी विचारलं, हातातून शिरते का हो साखर?
दिवसाला आठ किलो घासतो मी.
ते हसले. हातातून नाही, म्हणाले,
बोटातून.

त्या दिवसापासून चव सुभान तडवी घेतो.
चोवीस वर्षांचा पोरगा. साखर त्याच्या अंगात
मुरमाड रानात पाणी जिरावं तशी जिरते.
माझं बोट उठलं की भट्टीमागून ओरडतो,
शेठ, बोट!
गिऱ्हाईक दचकतं, मी बोट धोतराला पुसतो.
शपथेवर सांगतो, मी पाठवत नाही त्याला.
ते आपलं आपण जातं,
सांजेला बैल गोठ्याकडे वळतो तसं.

नाशिकहून हर्षालीने डबी पाठवली,
दालचिनीच्या कॅप्सूल, सोबत क्रोमियमच्या गोळ्या,
वर चिठ्ठी: आप्पा, जेवणानंतर. विसरू नका.
फिरकेंना दाखवली. उलटसुलट करून वाचली त्यांनी.
माझ्या गोळ्यांशी जुळतं का ते बघू, म्हणाले,
पण हिच्या भरवशावर जिलबी नको.
जांभळाच्या बियांची पूड समोरच्या शिंप्याने दिली,
ती तोंडात टाकली की वाटतं
चैत्रातल्या फुफाट्यात तोंडघशी पडलोय.
विजूने गोड पानांच्या पावडरीचा दराबाही करून पाहिला,
बिचारी दोन तास घासत होती.
जीभ फसली.
घसा नाही फसला.

खरी वेळ चारची.
केळीच्या गाड्या फैजपूरकडे निघतात,
चहाची किटली ओट्याओट्याने फिरते,
आणि पोटात नाही, कुठेतरी मानेच्या खाली
काहीतरी रिकामं होतं.
तेव्हा आधी पेलाभर पाणी पितो
आणि बघत बसतो, इच्छा तरंगते की बुडते.
पुष्कळदा बुडते.
नाहीच बुडाली तर विजूचा डबा:
कळण्याची अर्धी भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा,
वर कच्च्या तेलाची धार, कडेला मूठभर फुटाणे.
डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी,
तोंडात गोडाला जागाच उरत नाही.
याला औषध म्हणू नका. भांडण आहे हे,
आणि मिरची माझ्या बाजूने भांडते.

ईदला सुभान परसाड्याला गेला.
दुकानात मी आणि परात.
ठिपका तरंगला.
बोट उठलं.
भट्टीमागून कोणी काही बोललं नाही.
मीच म्हणालो, शेठ, बोट!
पण माझ्या आवाजाला बोट कशाला भितं?

चाटलं. खोटं कशाला सांगू.
दोन मोजेपर्यंत नऊ वर्षांचा होतो,
मग पुन्हा एकसष्टचा, गुडघ्यांसकट.

उधारीच्या वहीचं शेवटचं पान माझ्या नावावर आहे.
तिथे तारीख टाकली, लिहिलं: एक बोट.
मागच्या महिन्यात अकरा होती,
या महिन्यात चार, आजचं धरून.
सुभान परवा येईल, शीरखुर्म्याचा डबा
मुद्दाम घरी विसरून येईल,
वही उघडेल, बोलणार काहीच नाही.
कानावरचं पेन काढून
माझ्या चारच्या खाली रेघ मारेल
आणि लिहील: बाकी.