निळा खडू

सेलूत कापूस यायला लागला
की जिनिंगची रुई हवेत उडते,
दोरीवरच्या धुण्यावर बसते, दह्यावर बसते.
म्हणून ह्यांच्या गळ्याशी ओलं फडकं.
बारा फडकी ह्यांनीच शिवलीत,
मलमलची, दुहेरी, काठाला बारीक टीप.
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गळ्याची मापं घेतलेला माणूस
आरशापुढं टेप धरून
स्वतःच्या गळ्याचं माप घेत होता.
मी पाहिलं
आणि दुधाकडं गेले.

आधी हे बोलायचेच कमी.
तोंडात टाचण्या, हातात कात्री,
काही विचारलं तर "हूं".
तेवढ्या एका "हूं"वर
मी तीन लेकरांची लग्नं उरकली.
मग नांदेडला गळ्याला भोक पाडलं, नळी बसवली,
आवाज गेला
आणि माणूस बोलका झाला.

पाटी मागितली. पेन्सिल नको,
दुकानातला निळा खडू पाहिजे,
कापडावर रेघ मारायचा, चपटा.
दिवसभर लिहितात.
मी शाळेची पायरी चढलेली नाही.
नात वाचून दाखवते, आरुषी, चौथीत आहे.
"आज्जी, आबा म्हणतात वरण झकास झालंय."
आबांचं तोंड काही तसं दिसत नाही.

सकाळी आतली नळी काढायची,
उकळून गार केलेल्या पाण्यात
ब्रशनं घासायची.
नळाला पाणी आठ दिवसांनी,
तरी पहिलं पातेलं ह्या नळीचं,
देवाचा तांब्या नंतर.
सिस्टरनं शिकवलं तेव्हा माझे हात कापत होते.
आता नाही कापत.

लाईट गेली की कफ ओढायचं मशीन बंद.
मग पायाचं काढायचं.
पोरगा धावत येतो, पण हे त्याला सरकवतात,
स्वतःच पाय ठेवतात.
शिलाईच्या पायट्याची सवय, ताल चुकत नाही.
मी गळ्यात बारीक नळी घालते, हे पाय मारतात,
बाटलीत गुरगुर होते.
इतक्या वर्षांत असं जोडीनं काम
आम्ही पहिल्यांदाच केलं.

फुंकर घालता येत नाही,
चहा बशीत ओतून बघत बसतात.
वासही नाकापर्यंत जात नाही.
परवा ह्यांच्यासमोर दूध करपलं,
हे पेपर वाचत होते.
मी ओरडले, ओरडून अंगणात गेले,
हे मागं मागं, पाटी घेऊन,
भांडण लिहीत लिहीत.
सोयरे भेटायला आले की हळू बोलतात,
खाणाखुणा करतात,
जसे ह्यांचे कानच गेलेत.

दुपारी सगळे निजले की
मी आरुषीचं जुनं पुस्तक काढते.
कुणाला सांगितलेलं नाही.
क. ख. बोट ठेवून.
दिवाळीनंतर कधीतरी पाटीवर
दोन अक्षरं ओळखीची दिसली: मीठ.
पुढं बरंच काही होतं, खडू दाबून लिहिलेलं.
आरुषी म्हणाली, "आज्जी, आबा म्हणतात
भाजी लई भारी."
मी तिच्याकडं पाहिलं.
तिनं पाटी पुसली, हात फ्रॉकला पुसले.
मी काही बोलले नाही.
दुसऱ्या दिवशी मीठ कमी घातलं.
आबा ताटाकडं बघतच राहिले.

रात्री नळीतनं श्वास वाजतो, सूं सूं,
त्या आवाजावर माझी झोप.
काल आवाज बदलला, घरघर लागली,
उठले. कफ ओढला, फडकं बदललं.
तीन वाजले असतील.
ह्यांनी अंधारात पाटी चाचपली,
काहीतरी लिहिलं,
मोबाईलच्या उजेडात माझ्यापुढं धरलं.
आरुषी गाढ झोपलेली.
मला वाचता येत नाही हे विसरले असतील.
किंवा विसरले नसतील.
झो.
प.

मी म्हटलं, "मीठ?"

गळ्यातनं हवा फस्सकन सुटली,
फडकं उडालं.