ताटाची डावी बाजू

"चटणी संपली का?" नायना विचारतात.
चटणी आहे. लिंबाच्या फोडीशेजारी,
नेहमीच्या जागी, डावीकडे,
उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाची.
अम्मा काही बोलत नाही.
ताट अर्धं फिरवते
आणि चटणी उगवते.

मी सातरस्त्याजवळ डोळ्यांच्या दवाखान्यात आहे.
दिवसभर लोकांच्या हनुवट्या
यंत्राच्या कडीवर टेकवून घेते.
नायनांचाही केसपेपर मीच केला:
इरय्या मल्लेशम दुस्सा, वय एकाहत्तर.
भिंग स्वच्छ. पडदा चांगला. दाब चौदा.
तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला,
प्रत्येक ओळीचा उजवा अर्धा.

चैत्रातल्या एका दुपारी डोकं धरून बसले होते
पाच मिनिटं.
चहा मागितला, प्याले. एवढंच झालं होतं.

"डोळ्यात दोष नाही," मी म्हटलं.
"मग कशात?"

चाळीस वर्षं त्यांनी जॅकार्डचे पुठ्ठे पाडले,
साखर पेठेत, एका खिडकीपाशी.
भोक असेल तर धागा वर,
नसेल तर खाली.
एवढ्यावर मोर उभे केले, कमळं, हत्तींच्या रांगा.
म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं:

डोळा कापड विणत नाही, नायना.
डोळा पुठ्ठे पाडतो.
इथे उजेड, इथे नाही.
चित्र आत उलटं पडतं, पण त्याचं काय,
भिंतीवर लावायचं कापड तुम्हीही पालथंच विणायचात.
मग दोन्ही डोळ्यांचे धागे वाटेत एकमेकांना ओलांडतात,
डावीकडचं सगळं उजवीकडे जातं.
आणि माग आहे तो इथे, पार मागे,
उशी टेकते तिथे.
तिथला उजवा माग त्या दुपारी बंद पडला.
पुठ्ठे अजून येतायत. विणणारं कुणी नाही.

ते बराच वेळ गप्प.
मग कारागिराचा प्रश्न:
"तर मग डावीकडे काळं का दिसत नाही?"

काळं दिसायलाही माग लागतो, नायना.
आत्ता तुमच्या पाठीमागे काय दिसतंय? काळं?

मान वळवणार होते, थांबले.
"काहीच नाही," म्हणाले. "काळंसुद्धा नाही."

मी उत्साहात पुढे बोलत गेले.
म्हटलं, आंधळी जागा तर सगळ्यांच्याच डोळ्यात असते,
जिथून धागे बाहेर पडतात तिथे.
मेंदू शेजारचा रंग घेऊन ती रफू करतो.
कुणाला कळत नाही.

"मी केलंय ते," नायना म्हणाले.
मोराच्या मानेतला एक पुठ्ठा उंदराने खाल्ला होता,
मूळ आलेख सापडेना,
रात्री अंदाजाने पाडला.
"हजारो चादरी गेल्या त्या मानेच्या.
एकानेही परत आणली नाही."
मग हळूच, जणू हिशोब विचारावा तसं,
"एवढी वर्षं मी जे बघितलं,
त्यात कापड किती आणि रफू किती?"

त्याचा तक्ता आमच्याकडे नाही.

संध्याकाळी त्यांना सिद्धेश्वर तळ्यावर नेलं.
जाताना तळं डाव्या हाताला.
ऊन कलत होतं, पाणबगळे,
पायरीवर कुणी फुटाणे खात बसलेलं.
"आटलं वाटतं यंदा," ते म्हणाले.
मी बोलणार होते. अम्मानं कोपर मारलं.
परत वळलो,
आणि अख्खं तळं, देवळासकट,
एकदम त्यांच्या उजवीकडे भरून आलं.
उभे राहिले.
कुणी नुकतंच विणून खांद्यावर टाकावं तसे.

आज जेवताना मी बघत होते, न बघितल्यासारखं करून.
भाकरी अर्धी संपली.
हात थांबला. बोट ताटाच्या कडेवरून
आंधळ्यासारखं सरकलं,
आणि ताट त्यांनी स्वतःच फिरवलं.
चटणी जिभेवर ठेवली.

"लसूण कमी पडलाय," म्हणाले.