नमुना

गडहिंग्लजची बाजार समिती, पंखा बंद.
पुण्याहून आलेला पोरगा पडद्यावर दाखवत होता
भांगेचं खोड, आतला धागा,
एकरी किती, परवाना कसा, नशा किती कमी.

पुढच्या रांगेत सिद्राम आण्णा.
गोठ्यामागं दोन झाडं होती त्यांची,
बैलाचं पोट फुगलं की चार पानं गुळातनं.
सत्त्याऐंशी साली हवालदारानं उपटली,
झाडांबरोबर आण्णांनाही जीपमध्ये टाकलं.
पंचनाम्यात झाडांची उंची साडेचार फूट,
आण्णांचं आडनाव चुकलेलं.

“बी कुणाचं?”
“कंपनीचं.”
“आन् पुढल्या साली?”
“तेही कंपनीचंच.”
उसाची बिलं बघितलेली माणसं
खुर्चीत जरा हलली.

मग नमुन्याची जुडी हातोहात फिरत आली.
आण्णांनी धोतर गुडघ्याच्या वर घेतलं,
थुंकी लावली, मांडीवर पीळ दिला,
ताग वळायचा तसाच.
वीतभर दोरी. ओढून बघितली. तुटंना.

पोरगा मोबाईल काढून म्हणाला,
“आजोबा, परत एकदा करता?”

आण्णांनी दोरी बंडीच्या खिशात घातली.
“बियाचा दर सांगितलास, बाळ.
पिळाचा सांग.”